टी-शर्टांची गोधडी

"ते काळे टी-शर्ट कपाटात कुजवण्यापेक्षा मला आणून दे," असं भोरची मावशी गेली तीन वर्षं म्हणत होती. यंदा दिले. एकोणीस भरले. ओसरीवर मी ते एकेक करून पसरले. तिनं आधी कापड चिमटीत धरून पाहिलं, उजेडाला लावलं, आणि मग छातीवरच्या चित्रांकडे वळली. कवट्या, पंख, साखळ्या, दात विचकणारा हाडकुळा राक्षस, त्रिकोणी लोलकातून फुटलेले सहा रंग.

"हे सगळे तुझे देव का गं?"

थट्टा नव्हती त्यात. मावशीच्या हिशेबात देव म्हणजे ज्याचं रोज काहीतरी करावं लागतं तो. मी हो म्हणाले.

मी बावन्न वर्षांची आहे. बँकेत नोकरी, डोंबिवलीत घर, वीस वर्षांची मुलगी. आणि रॉक संगीताची चाहती. हे शेवटचं कुठल्याच फॉर्मवर लिहावं लागत नाही, पण नोकरी, घर, मुलगी या तिन्हींपेक्षा ते जुनं आहे.

मावशीनं धावदोरा घालायला घेतला. गोधडी बाहेरच्या काठापासून शिवायला घेतात आणि चौकोनाच्या आत चौकोन घालत मध्याकडे सरकतात. पहिले दोन फेरे सुई सरसर गेली. तिसऱ्या फेऱ्याला ती पहिल्या चित्रावर आली आणि अडली.

"कापडाला फासलंय काय हे?"

फासलंय ते प्लास्टिकच. पीव्हीसीचे अतिबारीक कण एका तेलकट द्रवात कालवून ही शाई करतात. ती साध्या रंगासारखी धाग्यात मुरत नाही. जाळीच्या चौकटीतून ती कापडावर दाबून बसवायची आणि साधारण १६० अंश सेल्सिअसपर्यंत तापवायची. तापले की ते कण भोवतालचा द्रव पिऊन फुगतात, एकमेकांना चिकटतात आणि त्यांची एक सलग रबरी साय धरते. म्हणजे बँडचं चित्र कापडाच्या वर एखाद्या दुसऱ्या कातडीसारखं बसलेलं असतं. वर्षानुवर्षं धुताना कापड ताणलं जातं, आकसतं, साय तेवढी साथ देत नाही आणि तिला भेगा पडतात. या भेगा आम्हाला फार प्रिय. हल्ली दुकानात मुद्दाम भेगा पाडलेली नवी चित्रंही मिळतात, पण खरी भेग काखेजवळ आणि पोटावर जास्त असते, जिथे अंग वळतं तिथे. बोट फिरवलं की कळतं.

मावशी उठली आणि पितळी अंगुस्तान घेऊन आली. सुईचं बूड बोटात रुतू नये म्हणून बोटाच्या टोकाला घालायची ती टोपी. नेमका त्या वेळी तिच्या मांडीवर ब्लॅक सॅबथ या बँडचा टी-शर्ट होता, आणि मला त्यांच्या गिटारवादकाची गोष्ट सांगितल्यावाचून राहवेना.

इंग्लंडमधलं बर्मिंगहॅम, १९६५ साल. टोनी आयोमी नावाचा सतरा वर्षांचा मुलगा पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. नोकरीचा शेवटचा दिवस. यंत्राखाली उजवा हात सापडला आणि मधल्या दोन बोटांची टोकं तुटली. तो डावखुरा गिटारवादक, म्हणजे तारा दाबायचा हात हाच. कारखान्यातल्या वरिष्ठानं त्याला जँगो राइनहार्टची रेकॉर्ड ऐकवली. आगीत हात भाजून दोन बोटं निकामी झालेली असतानाही जो अद्भुत वाजवत असे, तो हा जॅझ गिटारवादक. आयोमीनं मग प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांसाठी टोप्या घडवल्या, त्यावर जुन्या जॅकेटचं चामडं चिकटवलं. तरी जाड तारा दाबवेनात, म्हणून बँजोच्या हलक्या तारा लावल्या. पुढे १९७१च्या 'मास्टर ऑफ रिॲलिटी' या अल्बमच्या वेळी त्यानं त्या तारा तीन अर्धस्वरांनी खाली उतरवल्या. ताण कमी, बोटांना आराम. आणि त्या सैल तारांतून असा काही जड, भुईतून आल्यासारखा आवाज निघाला की हेवी मेटल म्हणून जे काही पुढे जगभर वाजलं, त्यातलं पुष्कळसं त्या आवाजाच्या पोटी जन्मलं.

मावशीनं अंगुस्तान बोटावर फिरवून पाहिलं. "वाजवतो का अजून?"

वाजवतो. ५ जुलै २०२५ला बर्मिंगहॅमच्या व्हिला पार्क मैदानावर सॅबथचे मूळचे चौघे वीस वर्षांनी पुन्हा एकत्र आले. सगळे पंच्याहत्तरीच्या पुढचे. आयोमी सत्याहत्तरचा, तशाच दोन टोप्या घालून. गायक ऑझी ऑस्बॉर्नला कंपवात, तो सिंहासनासारख्या खुर्चीत बसून गायला आणि सतरा दिवसांनी गेला. मी ते डोंबिवलीत मध्यरात्री मोबाइलवर पाहत होते, कानात इअरफोन, शेजारी नवरा झोपलेला. त्या रात्री मला पडलेल्या प्रश्नातून हा लेख निघाला. सतराव्या वर्षी एकदा जे ऐकलं, ते बावन्नाव्या वर्षीही मानेवरचे केस उभे करतं, ते शरीरात नेमकं राहतं तरी कुठे?

सगळ्यात जुना टी-शर्ट १९९१चा. फॅशन स्ट्रीटवर घासाघीस करून घेतलेला, दोन मापं मोठा, कारण मुलींच्या मापाचे येतच नसत. तो घालून मी त्या पावसाळ्यात धोबी तलावला रंगभवनात गेले. झेवियर्स कॉलेजच्या शेजारचं हे खुलं नाट्यगृह. वर छप्पर नाही, पावसाची सर आली की सगळे सारखेच भिजणार. १९८० साली इथे 'द पोलीस' हा इंग्लंडचा बँड वाजवून गेला होता. तो कार्यक्रम भरवला होता टाइम अँड टॅलेंट्स क्लब या मुंबईतल्या स्त्रियांच्या संस्थेनं, मदतकार्याला निधी म्हणून. १९८६ मध्ये फरहाद वाडियांनी स्वातंत्र्यदिनाच्या आसपास इंडिपेंडन्स रॉक सुरू केलं. आमच्या तोंडी 'आयरॉक'. देशभरातून पोरं यायची, रेल्वेच्या जनरल डब्यातून गिटारी आणायची. मी पहिल्यांदा इतके काळे टी-शर्ट एकत्र पाहिले आणि मला वाटलं, माझ्या गावचे लोक सापडले.

पुढे रुग्णालय, शाळा-कॉलेज आणि न्यायालयाभोवतीचा १०० मीटरचा पट्टा शांतता क्षेत्र ठरला आणि रंगभवन मुकं झालं. रुग्णांची झोप मोठी, यात वाद नाही. पण त्या बाजूनं जाताना अजून माझी पावलं हळू होतात.

तेव्हा ओळख अंगावर असायची. केस, बूट, मनगटाचा पट्टा, टी-शर्ट. मग नोकरी लागली, साडी आली, लग्न झालं, आणि ही सगळी चिन्हं एकेक करून उतरली. घरात टी-शर्टाचा प्रवास ठरलेला असतो: आधी बाहेर घालायचा, मग घरात, मग रात्री, मग फरशी पुसायला. माझे तिसऱ्या पायरीवर मी अडवून धरले, एवढंच.

ऑस्ट्रेलियातले समाजशास्त्रज्ञ अँडी बेनेट हे नेमकं याच गोष्टीच्या मागे लागले. इंग्लंडच्या पूर्व केंट भागातल्या वय वाढलेल्या पंक चाहत्यांशी ते बोलले आणि २००६ मध्ये त्यावर लिहिलं. एके काळी केसांचे रंगीत तुरे उभे करून पुढच्या रांगेत धक्काबुक्की करणारे हे लोक आता साध्या कपड्यांत येतात, हॉलच्या मागच्या बाजूला उभे राहतात. पण आपण पंक आहोत हे दाखवायची गरजच उरलेली नाही, इतकं ते आत मुरलंय, असं त्यांचं म्हणणं. म्हणजे तरुणपणी जी ओळख टी-शर्टाच्या शाईसारखी वरवर बसलेली असते, ती चाळिशी-पन्नाशीपर्यंत धाग्यात उतरते. ती उतरते कशी, हे मेंदूच्या अभ्यासकांनी थोडंथोडं उलगडलंय, आणि ते वाचताना मी कितीदा तरी पुस्तक मिटून नुसती बसून राहिले आहे.

आधी वयाचं पाहू. मॉरिस होलब्रुक आणि रॉबर्ट शिंडलर या दोन अमेरिकी अभ्यासकांनी १९८९ मध्ये वेगवेगळ्या वयाच्या लोकांना निरनिराळ्या दशकांतली गाणी ऐकवून आवड विचारली. आवडीचा आलेख एका ठिकाणी टेकडीसारखा वर गेला: ऐकणारा साधारण साडेतेवीस वर्षांचा असताना जी गाणी गाजत होती, तिथे. आठवणींचंही असंच आहे. मध्यमवयीन माणसाला आयुष्यातले प्रसंग आठवायला सांगा, दहा ते तीस या वयातले प्रसंग गर्दी करून येतात. पहिल्यांदा केलेल्या गोष्टी त्या वयात जास्त, हे एक कारण. पण क्लेअर रॅथबोन आणि तिच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये याहून सुंदर काहीतरी दाखवलं. त्यांनी लोकांना 'मी अमुक आहे' अशी वाक्यं लिहायला लावली. मी शिक्षक आहे, मी आई आहे. मग प्रत्येक 'मी'शी जोडलेल्या आठवणी काढायला सांगितल्या आणि तो 'मी' कोणत्या वयात जन्मला ते विचारलं. आठवणींचे घोस नेमके त्या त्या 'मी'च्या जन्मवेळेभोवती लगडलेले निघाले.

हे वाचलं तेव्हा मी कागद घेऊन बसले. 'मी आई आहे'च्या भोवती प्रसूतिगृहाचा वास, पाळण्याची करकर. 'मी बँकेत आहे'च्या भोवती लेजरचे जाड पुठ्ठे. आणि 'मी रॉकची चाहती आहे'च्या भोवती रंगभवनातला चिखल, ओल्या कापडाचा वास, आणि ध्वनिक्षेपकासमोर उभं राहिल्यावर बरगड्यांच्या आत कुणीतरी दार ठोठावतंय असं वाटणारा तो बास. त्या संध्याकाळी मी नुसती गाणी ऐकली नव्हती. माझा एक 'मी' तिथे जन्मला होता, आणि जन्मलेल्याला जन्मस्थळ विसरता येत नाही.

आता कॅसेट. आमच्या पिढीच्या चाहत्यांची सगळी संपत्ती नव्वद मिनिटांच्या कोऱ्या कॅसेटमध्ये होती. एका बाजूला पंचेचाळीस मिनिटं. मैत्रिणीच्या भावाकडे दोन कप्प्यांचा डेक होता, त्यावर मी अकरा गाण्यांची एक कॅसेट भरून घेतली. काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाऊसमध्ये ऐकून ठरवायचं आणि पैसे जमेपर्यंत असं भरून घेऊन भागवायचं. ते दुकान २०१६ला बंद झालं. त्या कॅसेटच्या पहिल्या बाजूचं शेवटचं गाणं पुरतं मावलं नाही, मध्येच खट्ट करून तुटायचं. तेच गाणं आज मी मोबाइलवर अखंड ऐकते, आणि बरोबर त्या ठिकाणी आले की पोटात हलकासा खड्डा पडतो. खट्ट होत नाही. गाणं पुढे जातं. मला मात्र क्षणभर पायरी चुकल्यासारखं होतं.

वॉशिंग्टनच्या जॉर्जटाउन विद्यापीठातल्या अभ्यासकांनी २००९ मध्ये याच्याशी मिळतंजुळतं काही मोजलं. लोकांना त्यांच्या चांगल्या ओळखीच्या सीडी ऐकवल्या आणि दोन गाण्यांच्या मधल्या शांततेत मेंदूत काय चालतं ते पाहिलं. काहीही वाजत नसताना पुढच्या गाण्याची तयारी सुरू झालेली दिसली. त्यात हालचालींचा आराखडा आखणारे भागही होते, जणू मेंदू पुढचं गाणं स्वतःच वाजवायला घेतोय. अनोळखी क्रमाच्या शांततेत तसं होत नाही. म्हणजे गाणी लक्षात राहतातच, पण त्यांच्यामधली शांतताही कोणत्या गाण्याआधीची आहे ते मेंदू ओळखतो.

या तयारीला बक्षीसही मिळतं. कॅनडात मॅकगिल विद्यापीठात वलोरी सलीमपूर, रॉबर्ट झटोरे आणि मंडळींनी २०११ मध्ये अंगावर काटा आणणारी आपापली गाणी लोकांना आणायला सांगितली आणि ती ऐकताना मेंदूत डोपामीन कुठे, केव्हा स्रवतं ते टिपलं. काटा येतो त्या क्षणी एका भागात स्रवतं. पण त्याच्या काही सेकंद आधीच, आता तो क्षण येणार या अपेक्षेनं, शेजारच्या दुसऱ्याच भागात स्रवायला सुरुवात झालेली असते. एक वाट पाहण्याचं सुख, एक भेटीचं सुख. पस्तीस वर्षं ऐकलेल्या गाण्यात अनपेक्षित काही उरलेलं नसतं, मग ते जुनं का होत नाही याचं हे उत्तर मला फार पटतं. येणार हे पक्कं ठाऊक असलेल्या माणसाची दारात उभं राहून वाट पाहण्यात जे आहे, ते हेच.

शरीर मात्र बदलतं, आणि त्याची दखल घ्यावी लागते.

मानेचं घ्या. सिडनीच्या डेक्लन पॅटन आणि अँड्र्यू मॅकिंटॉश यांनी २००८ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये हेडबँगिंगचं, म्हणजे ठोक्यावर मान झोकून हलवण्याचं, यंत्रशास्त्र मांडलं. हेडबँगिंगच्या गाण्यांची सरासरी लय मिनिटाला १४६ ठोके निघाली. या लयीत डोकं ७५ अंशांपेक्षा जास्त फिरलं तर मेंदूला सौम्य इजा होऊ शकते, असं त्यांचं गणित सांगतं. उपाय म्हणून त्यांनी सुचवलं: फेक कमी करा, संथ गाणी निवडा, किंवा एक सोडून एक ठोक्यावर मान हलवा. मी हे वाचण्याआधीच माझी मान तिसरा उपाय शिकली होती. एक सोडून एक. भजनात मागे बसलेले म्हातारे टाळकरी डोलतात त्या अंगाने.

कानाचं जास्त गंभीर. आतल्या कानातल्या शंखात ध्वनी पकडणाऱ्या केसाळ पेशी असतात, आणि माणसाच्या त्या एकदा मेल्या की पुन्हा येत नाहीत. कोंबडीच्या कानात त्या पुन्हा उगवतात! कोंबडीला जमतं ते आपल्याला का जमू नये, यावर गेली कित्येक दशकं संशोधन चालू आहे. तोवर हिशेब असा: ८५ डेसिबल आवाज रोज आठ तास सुरक्षित धरतात, आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मी होते. १०० डेसिबलला पोचेपर्यंत हाती पंधरा मिनिटं उरतात. एसी/डीसीचा गायक ब्रायन जॉन्सन याला २०१६ मध्ये कान पूर्ण जातील या डॉक्टरांच्या इशाऱ्यामुळे दौरा सोडावा लागला होता. माझ्या पर्समध्ये आता कानात घालायच्या बोळ्यांची डबी असते, सगळे सूर सारख्याच प्रमाणात खाली आणणाऱ्या. हायहॅटच्या झांजांची सर्वांत बारीक किणकिण मला आता ऐकू येत नाही. पण ओळखीच्या गाण्यात ती येतेच, कारण तिथे ती असते हे मेंदूला माहीत आहे आणि तो ती भरून काढतो. नव्या गाण्यात नाही येत. तेवढ्यासाठी तरी लेकीला सांगते, बोळे आत्तापासून घाल.

आणि गर्दीच्या मध्यावरून मी काठावर आले. काठावरूनही पुष्कळ दिसतं. कॉर्नेल विद्यापीठातल्या भौतिकीच्या काही तरुणांनी मेटल मैफलींच्या चित्रफिती पाहून मधल्या धक्काबुक्कीतल्या माणसांचे वेग मोजले आणि २०१३ मध्ये छापले. ती माणसं बंद डब्यातल्या वायूच्या रेणूंसारखी वागतात. वेगांची वाटणी त्याच सूत्रात बसते जे विज्ञानाच्या पुस्तकात रेणूंसाठी दिलेलं असतं. कधी कधी तोच वायू आपोआप भोवऱ्यासारखा गोल फिरू लागतो. तिथे आत असताना मला वाटायचं, आम्ही सगळे बेभान आहोत. त्या बेभानपणालाही नियम आहे हे कळल्यावर तो मला जास्तच सुंदर वाटतो.

चिन्हं उतरली तरी माणसं एकमेकांना ओळखतात, आणि ती कशी ओळखतात हे मी दादरला पाहिलं. फलाटावर पन्नाशीचा एक गृहस्थ, इस्त्रीचा शर्ट, खांद्याला डब्याची पिशवी. पिशवीच्या पट्ट्यावर त्याची दोन बोटं नाचत होती. एक लांब, दोन आखूड. एक लांब, दोन आखूड. आयर्न मेडनच्या स्टीव्ह हॅरिसचा बास असा पळतो, घोड्याच्या टापांसारखा, आणि तोही दोन-तीन बोटांनीच वाजवतो. शाळेत वृत्तं शिकलेल्याला हे लगेच कळेल: गुरू, लघू, लघू. दोन मात्रा, एक, एक. हा तर भगण! भास्कर, भास्कर, भास्कर. लंडनच्या ईस्ट एंडमधून आलेला बँड आणि आमच्या बाईंचं 'यमाताराजभानसलगा' एकाच मापाचं निघावं, याचं मला आजही नवल वाटतं. मी माझ्या छत्रीच्या मुठीवर तेच वाजवलं. त्यानं वळून पाहिलं. गाडी आली. चढताना त्यानं मांडीजवळ, कुणाला दिसू नये असा, हात खाली ठेवून तर्जनी आणि करंगळी उभी केली.

त्या खुणेला आम्ही 'हॉर्न्स' म्हणतो. ती जगभर पसरवली रॉनी जेम्स डिओनं. १९७९ मध्ये तो ऑझीच्या जागी सॅबथमध्ये आला. खूण त्यानं घेतली होती आपल्या इटालियन आजीकडून. आजी दोन बोटं अशी उभी करायची ती वाईट नजर परतवायला. ज्या खुणेला आमच्या कॉलेजातल्या कितीतरी पालकांनी सैतानाची खूण म्हटलं, ती मुळात नातवाची दृष्ट काढणाऱ्या आजीची आहे. मावशीला हे सांगितलं तेव्हा तिनं शिवणं थांबवलं, मीठमोहऱ्यांची मूठ धरतात तशी मूठ धरली, मग त्यातून दोन बोटं उभी करून पाहिली. "अशी?" अशीच.

त्या भीतीचंही पुढे काय झालं ते कुणीतरी तपासलं, हे बरं झालं. १९८५ मध्ये अमेरिकेच्या सिनेटपुढे पालकांची तक्रार गेली होती की ही गाणी मुलांना बिघडवतात. तीस वर्षांनी, २०१५ मध्ये, कॅलिफोर्नियातल्या टाशा हाउ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच काळातल्या मेटल चाहत्यांना गाठलं. तरुणपणी त्यांनी धोक्याचे प्रकार पुष्कळ केले होते, हे त्यांनीच सांगितलं. तरी आपल्या वयाच्या इतरांपेक्षा ते तेव्हा अधिक आनंदी होते आणि मध्यमवयात अधिक सावरलेले होते. चाहत्यांच्या गोतावळ्यानं त्यांना धरून ठेवलं, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. माझा तर अनुभवच तो आहे.

आयर्न मेडनचा मुंबईतला टी-शर्ट १ फेब्रुवारी २००८चा. वांद्रे-कुर्ला संकुलात त्यांच्या जगदौऱ्याची सुरुवात झाली. सारा सरंजाम बँडच्या रंगात रंगवलेल्या बोइंग ७५७मधून आला, आणि विमान चालवत होता त्यांचा गायक ब्रूस डिकिन्सन स्वतः, वय एकोणपन्नास. लेक तेव्हा तीन वर्षांची. तिला सासूबाईंकडे ठेवून मी गेले. परत आले तेव्हा ती जागी होती आणि माझ्या टी-शर्टावरच्या राक्षसाला तिनं त्याच्या नावानं, 'एडी' म्हणून हाक मारली. चित्रांच्या पुस्तकातल्या हत्तीला मारावी तशी.

त्या लेकीचं मला आणखी एक कोडं होतं. ती तिची गाणी ऐकते, मी माझी. पण भांडी विसळताना ती जे गुणगुणते ते बहुतेकदा १९९०च्या आगेमागेचं असतं. कॉर्नेलच्याच कॅरल क्रुमहान्सल आणि जस्टिन झुपनिक यांनी २०१३ मध्ये साधारण वीस वर्षांच्या विद्यार्थ्यांना अनेक दशकांतली गाजलेली गाणी ऐकवली. आवडीची आणि आठवणींची एक टेकडी त्यांच्या स्वतःच्या वयाशी होती, ते अपेक्षितच होतं. दुसरी टेकडी मात्र त्यांच्या जन्माआधीच्या, १९८०च्या सुरुवातीच्या गाण्यांवर होती. त्यांचे आईवडील तेव्हा विशी-पंचविशीत होते. आईचा 'मी' ज्या गाण्यांत जन्मला, ती गाणी ती स्वयंपाक करताना लावते, गाडीत लावते, आणि लेकराच्या मेंदूत त्यांचा ठसा उमटतो.

१७ मे २०२५ला आम्ही दोघी महालक्ष्मी रेसकोर्सवर गन्स एन' रोझेसच्या मैफलीला गेलो. मे महिना, अंगाला चिकटलेली हवा. मी काठावर, एक सोडून एक ठोक्यावर. ती पुढे घुसली, दिसेनाशी झाली, आणि ज्या गाण्यापाशी माझी कॅसेट तुटायची तेच गाणं सुरू झाल्यावर गर्दीतून वाट काढत परत आली. "तुझं खट्ट येणार आता," असं माझ्या कानातला बोळा काढून ती ओरडली. आणि त्या जागी आम्ही दोघींनी मिळून टाळी वाजवली. खट्ट.

गोधडी दिवाळीआधी झाली. पाठीला मावशीचं जुनं नऊवारी, वर टी-शर्ट. जाड सायीची चित्रं तिनं सुईनं भोसकली नाहीत. प्रत्येकाच्या कडेकडेनं धावदोरा फिरवला, त्यामुळे चित्रं किंचित फुगून वर आली आहेत, अंधारात हात फिरवला तरी कोणता बँड ते कळतं. फक्त डावा कोपरा राहिलाय. तिथे काळ्याच्या जागी खालचं हिरवं लुगडं दिसतं.

मावशीनं फोन केला. "दोन कमी पडलेत गं. एकोणीस म्हणालीस, मी मोजले तर सतराच."

"मावशी, ते दोन मी परत घेतले. अजून घालते."

"बरं," ती म्हणाली. "फाटले की आण. कोपरा तसाच ठेवते."